रात्रीची भाकर सोडली, ग्लास सोडला नाही

"डाक्टर साहेब, तीन महिने झाले, राती भाकर खात नाई म्या. तरी काटा जागचा हालत नाई."

हे गाऱ्हाणं अलीकडे दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतंच. मी विचारतो, संध्याकाळी काय घेता? पेशंट गप्प होतो, सोबत आलेली बायको दाराकडे बघू लागते. मग हळू आवाजात उत्तर येतं, "दारू नाई घेत साहेब. वाईन घेतो. थोडीशी."

या 'थोडीशी'पायी माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस मरणाच्या दारात जाऊन आला. म्हणून आज रक्तदाब आणि थंडीचा खोकला बाजूला ठेवून याच विषयावर लिहितो आहे.

आपल्या पिंपळगाव राजात वाईन हा शब्द पूर्वी फक्त दुकानाच्या पाटीवर असायचा, आणि त्या पाटीखाली बाकी सगळं मिळायचं. आता पोरं पुण्याला, नाशिकला नोकरीला आहेत. दिवाळीला येताना ती बापासाठी बाटली आणतात, "बाबा, ही हृदयाला चांगली असते" म्हणून. बापाला बरं वाटतं, कारण लेकाने आणलंय आणि वर औषधीही आहे. त्यात २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्यावर अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, भरपूर वाद झाला, आणि त्या वादात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घराघरात पोचलं. द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो शेतीमालाच्या भावाचा प्रश्न आहे. तुमच्या यकृताला त्याच्याशी देणंघेणं नाही.

वाईनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. तेच अल्कोहोल बिअरमध्ये असतं, तेच देशीत असतं. बाटली, रंग आणि किंमत वेगळी, एवढाच फरक. एक ग्रॅम अल्कोहोलमधून सात कॅलरी मिळतात. पीठ आणि साखरेतून चार मिळतात, तेलातून नऊ. म्हणजे अल्कोहोल हे भाकरीपेक्षा तेलाच्या जवळ आहे, आणि त्याने पोट भरत नाही.

आता गुरुजींबद्दल सांगतो. नाव सांगणार नाही, ओळखू येईल असंही काही सांगणार नाही. निवृत्त शिक्षक, साठीच्या अलीकडचे, वजन ८६ किलो, आठ वर्षांपासून मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन असलेली गोळी. मीच त्यांना म्हणालो होतो, गुरुजी, दहा किलो तरी उतरवा. माणूस शिस्तीचा. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून रात्रीच्या दोन भाकरी बंद केल्या, आणि त्या बदल्यात स्वतःला दोन ग्लास वाईन मंजूर केली. "जेवण नाई ना घेत, मंग हिशोब बराबर होते," असं त्यांचं म्हणणं.

एका रात्री तीनच्या सुमारास काकू उठल्या तर गुरुजी घामाने भिजलेले. काहीतरी असंबद्ध बडबड चाललेली, हाक मारली तर हात झटकत होते. काकूंना वाटलं, आज जास्त झाली वाटते. झोपू द्यावं, सकाळी बोलू. पण त्यांची सून जागी झाली आणि तिने फोन केला. मी पोचलो तेव्हा कपाळ बर्फासारखं गार होतं. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासलं, साखर ४१. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-सात मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "तुमी कधी आले?" त्या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो, साखर पुन्हा पडू शकते, म्हणून त्याच पहाटे त्यांना खामगावला हलवलं. दुपारपर्यंत साखर खरंच पुन्हा एकदा उतरली.

हे का झालं, ते नीट समजून घ्या. रात्री आपण जेवत नाही तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळतं. साठवलेली साखर सोडतं, ती संपत आली की नवीन तयार करतं. पण पोटात अल्कोहोल गेलं की यकृत आधी ते जाळायला घेतं, कारण शरीराच्या दृष्टीने ते विष आहे आणि साठवून ठेवायला जागा नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं. तोवर नवीन साखर बनवण्याचं काम मागे पडतं, आणि चरबी जाळण्याचंही. गुरुजींनी भाकर सोडली, म्हणजे बाहेरून येणारी साखर बंद. वाईन घेतली, म्हणजे आतून येणारीही अडली. आणि सकाळची गोळी तिचं साखर उतरवायचं काम करतच राहिली.

पडलेल्या साखरेची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं दिसायला सारखीच असतात. जीभ जड होते, तोल जातो, माणूस चिडतो, मग झोपाळतो. घरचे म्हणतात चढली, झोपू द्या. मधुमेहाच्या माणसाला असं झोपू देऊ नका. दरदरून घाम, अंग गार, हात थरथरणं, विसंगत बोलणं, यातलं काहीही दिसलं तर साखर तपासा. तपासता येत नसेल तर साखर कमीच आहे असं धरा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, नंतर भाकर किंवा पोळी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

गुरुजी बरे होऊन आले तेव्हा मी त्यांना घरचा ग्लास घेऊन यायला सांगितलं होतं. स्टीलचा, उभा, काठाला थोडा चेपलेला. म्हटलं, रोज ओतता तेवढं पाणी ओता. त्यांनी अगदी मनापासून ओतलं, काठापासून दोन बोटं खाली. ते पाणी मी औषधाच्या मापाने मोजलं, २३० मिली भरलं. पुस्तकात 'एक ग्लास वाईन' म्हणजे १५० मिली असते, तिच्यात सव्वाशे कॅलरी. गुरुजींच्या एका ग्लासात एकशे नव्वद, दोन ग्लासांत पावणेचारशेच्या वर. सोबत मूठ-दोन मूठ तळलेले शेंगदाणे, म्हणजे अजून अडीचशे-तीनशे. आणि सोडलं काय होतं? ज्वारीच्या मध्यम दोन भाकरी, पावणेतीनशे कॅलरी. गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत होते. कागदाकडे बघत ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या भागात क्वार्टर घेणारे जास्त आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी हा लेख वाईनवाल्यांसाठी आहे म्हणून सोडून देऊ नये. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम अल्कोहोल असतं, सव्वाचारशे कॅलरी, म्हणजे तीन भाकरी. ते निपटायला यकृताला सहा ते आठ तास लागतात, अख्खी रात्र जाते. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली तीनशेच्या वर जाते. चखन्याचा शेव, फरसाण, भजी वेगळे. वर नशेत भूक आवरत नाही, आणि झोप लागली तरी पहाटे मोडते. दुसऱ्या दिवशी माणूस आंबलेला असतो आणि गोड खात सुटतो.

हृदयाचं म्हणाल तर ती गोष्ट फ्रान्सहून आली. तिथले लोक लोणी-चीज खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, मग ती वाईनची करामत असेल, असं १९९२ च्या सुमारास मांडलं गेलं आणि जगभर पसरलं. पुढे लक्षात आलं की अशा अभ्यासांत 'न पिणारे' म्हणून मोजलेल्यांत कितीतरी जण आजारपणामुळे पिणं सोडलेले होते. आजाऱ्यांशी तुलना केली तर पिणारा ठणठणीत दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं होतं, आणि त्यात वाईन आली. ज्या सुना-लेकी शहरात मैत्रिणींसोबत घेतात त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या प्रमाणानेही वाढतो हे ध्यानात ठेवावं. गरोदरपणी तर थेंबभरही नाही.

आता उपायांच्या बाजाराबद्दल. सकाळी मध-लिंबू-कोमट पाणी घेऊन रात्रीची दारू धुतली जात नाही. ॲपल सायडर व्हिनेगरने चरबी वितळत नाही, दातांचं पाणी मात्र उतरतं. आठवडी बाजारात बिनलेबलाच्या डब्यात 'वजन उतरवायची पावडर' मिळते. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि तुम्ही ती यकृताच्या औषधासोबत घेता! मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं लिव्हर टॉनिक हे दारूवरचं कवच नाही, कितीही बाटल्या संपवा. सर्वात घातक म्हणजे 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. माय-बहिणींनो, तुमची तगमग मला कळते, तुम्ही थकून गेलेल्या असता. पण नवऱ्याच्या भाजीत काही कालवू नका. त्याला घेऊन या, नुसतं बोलायला तरी.

वजन उतरतंय म्हणून खूश होणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. मागे एक शेतकरी आले, शर्टाच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या आणि पोटावरची बटणं ताणली गेली होती. म्हणाले, "बारीक झालो ना साहेब, पोटच तेवढं रायलं." ते पोट चरबीचं नव्हतं, पाण्याचं होतं. यकृत निकामी होत चाललं होतं. हातपाय वाळणं आणि पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, पायावर सूज येऊन बोटाने दाबलं की खळगा पडणं, डांबरासारखी काळी शी होणं, उलटीत रक्त येणं, दिवसा झोप आणि रात्री भ्रम, यातलं एकही दिसलं तर वजनाचा विषय सोडा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. रक्ताची उलटी झाली तर वाटेत माझ्याकडे थांबू नका, सरळ खामगाव गाठा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' लिहिलेलं असतं ते मात्र घाबरण्यासारखं नाही. या पायरीवर यकृत पुष्कळदा पूर्ववत होतं. दहा टक्के वजन उतरवा, दारू थांबवा, तो रिपोर्ट बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

कमी कसं करायचं? सर्वात आधी जेवण परत सुरू करा आणि ते लवकर घ्या. संध्याकाळी सात ही आपल्याकडे खऱ्या भुकेची वेळ. शेतातून, दुकानातून येतो, दुपारचं जेवण कधीच जिरलेलं असतं, आणि त्या भुकेवर आपण ग्लास ओततो. सात वाजता एक-दीड भाकर, वरण, भाजी, कांदा-काकडी पोटात गेली की नऊ वाजताची ओढ निम्मी होते. करून बघा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन जेवणांच्या मधला पेग हेही खाणंच धरावं, आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. बाटली घरात साठवू नका. आठवड्यात न घेण्याचे वार आधी ठरवा, आणि ते वार पाळून रविवारी एकदम वसूल करू नका. स्टीलच्या ग्लासात घेऊ नका, किती ओतलं ते दिसत नाही.

पण जे रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेतात, सकाळी ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होतो, आणि त्यात माणसं दगावतात. अशांना औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवावं लागतं. हल्ली ते नीट करता येतं. बोलायची लाज वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फोन नंबर आहे, मराठीत बोलतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. व्यसन हा आजार आहे, तुमचं खानदान त्यात बुडत नाही.

गुरुजींची गोळी मी बदलली, वाईन त्यांनी स्वतः थांबवली, रात्रीच्या भाकरी परत आल्या. चार महिन्यांत सहा किलो उतरले. त्या रात्रीची एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. साखर तपासायचं यंत्र त्यांच्या कपाटात होतं, पट्ट्यांसकट, चालू. काकूंना ते वापरता येत नव्हतं, कारण कोणी शिकवलंच नव्हतं, त्यात मीही आलो. तुमच्या घरी ते यंत्र असेल तर आज घरच्यांना विचारा, चालवता येतं का. येत नसेल तर यंत्र घेऊन त्यांना दवाखान्यात पाठवा, संध्याकाळी पाचनंतर, नंबर लावायची गरज नाही. पाच मिनिटांत शिकवतो.