तारा निघाल्या, पण दातांचं काय?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई तोंडाला पदर लावून मागे बसल्या होत्या. मोटारसायकलवरून पडून त्यांचा जबडा मोडला, पुढचे 4 दात गेले. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, तारा निघाल्या. घरचे म्हणाले, "झाली बरी." वर्ष झालं, ताई अजून भाकरी दुधात कुस्करून खातात. बैठकीत काही सांगायचं तर शेजारणीच्या कानात सांगतात.

तारा निघाल्या म्हणजे अर्धाच उपचार झाला. मोडलेलं हाड टायटॅनियमच्या पट्टीने जोडतात. कधी वरचे-खालचे दात 4 ते 6 आठवडे तारेने बांधून ठेवतात, तेव्हा सगळं पातळच घ्यायचं. नंतर तोंड पुरतं उघडत नाही. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगतात आणि हळूहळू काड्या वाढवतात. हसू नका, तोंडच उघडलं नाही तर दातांचं माप कसं घेणार?

दात बसवायला उशीर केला की रिकाम्या जागेचं हाड झिजतं, शेजारचे दात तिकडे कलतात. मग काम अवघड होतं. काढता-घालता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त. शेजारचे दात पक्के असतील तर ब्रिज बसतो. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. तो हाडात पक्का व्हायला साधारण 3 ते 6 महिने लागतात आणि खर्चही जास्त. अपघातात हाडाचा तुकडाच गेला असेल तर कधी कमरेचं हाड घेऊन भरावं लागतं. मला विचाराल तर इम्प्लांटच्या पैशांची वाट बघत बसू नका, डॉक्टर हो म्हणाले की आधी कवळी करून घ्या. चारचौघींत बोलता तरी येईल.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. जाताना ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे न्या. योजनेत ऑपरेशन बसलं म्हणजे दातही बसतील असं धरू नका, आरोग्यमित्राला ते वेगळं विचारा. आणि मारहाणीत जबडा मोडला असेल तर डॉक्टरांना "पडले" म्हणू नका, खरं सांगा. मदतीला 181 नंबर आहे.

एक गोष्ट आजच घरात सांगून ठेवा. मोठ्या माणसाचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचला, घासू नका, दुधात टाका आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे पोचा. तोच दात परत बसू शकतो.

त्या ताईंना घेऊन मी पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर सीआरपी ताईंकडे नाव द्या.