घराची खरेदी : हद्द, नकाशा आणि चूकदुरुस्ती

राहते घर विकत घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार असतो. भविष्यनिर्वाह निधी, घरातील दागिने, बँकेचे कर्ज अशा अनेक मार्गांनी पैसा उभा केला जातो. विसार दिला जातो, खरेदीखत नोंदले जाते. आणि पुढे शेजारी कुंपण घालू लागला, की कागदावरील जागा व प्रत्यक्ष जागा यांत फरक असल्याचे प्रथमच ध्यानात येते. अशा वेळी गावकरी सल्ल्यासाठी ग्रामपंचायत सदस्याकडे, शिक्षकाकडे किंवा ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे जातात. चूक नेमकी कोणत्या अभिलेखात आहे हे ओळखावे आणि ती त्याच अभिलेखात, शक्यतो खरेदीपूर्वी, दुरुस्त करून घ्यावी, हे या सल्ल्याचे सूत्र असले पाहिजे.

कोणता कागद काय सांगतो?

खरेदीखत हा विक्रेता व खरेदीदार यांच्यातील लेख होय. मिळकत ओळखता येईल इतके तिचे वर्णन लेखात असावे, असे नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ मध्ये सांगितले आहे. तथापि दुय्यम निबंधक लेखाची नोंदणी करतात, जागेची मोजणी करीत नाहीत. म्हणून नोंदणी झाली एवढ्यावरून चतुःसीमा बरोबर आहेत असे मानता येत नाही.

मिळकत पत्रिका व नगर भूमापनाचा नकाशा भूमि अभिलेख विभागाकडे असतो. भूखंडाचा आकार व क्षेत्र यांसाठी तोच प्रमुख आधार ठरतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. तो मालकीचा किंवा हद्दीचा पुरावा नव्हे. मंजूर बांधकाम नकाशा इमारत कशी असावी हे सांगतो. जमीन कोणाची आहे, हे तो सांगत नाही. हे सर्व कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर बहुतेक विसंगती विसार देण्यापूर्वीच दिसून येतात.

काही विसंगती केवळ मापाच्या असतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. तर एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. जुन्या लेखातील गुंठे नव्या लेखात आर म्हणून उतरविले, तर दर गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरच्या आसपास फरक पडतो. हा हिशेब आधी करून पाहिल्यास विनाकारण निर्माण होणारा संशय टळतो.

एक विसंगती, तीन कारणे

उदाहरणादाखल गावठाणातील एक घर घेऊ. विक्रेत्याच्या जुन्या खरेदीखतात क्षेत्र १२० चौरस मीटर लिहिले आहे. जागेवर मोजले असता १२ मीटर लांबी व १० मीटर रुंदी, म्हणजे तेवढेच क्षेत्र भरते. मिळकत पत्रिकेवर मात्र १०२ चौरस मीटरच आहेत. पश्चिमेकडील दीड मीटर रुंदीच्या पट्टीचा हा प्रश्न आहे. यामागे तीन कारणे संभवतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण लेखनातील चूक. नकाशातील आकृती १२० चौरस मीटरची असून पत्रिकेवर आकडा चुकीचा उतरला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. लेखनप्रमाद आणि हितसंबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका यांसारख्या चुकांसाठी हे कलम आहे. मालकीचा वाद त्याद्वारे सोडविता येत नाही.

दुसरे कारण हद्द ठरवितानाच झालेली चूक. येथे आकडा बदलून भागत नाही. भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटीस दिली जाते; त्या दिवशी सर्वांनी हजर राहणे हिताचे असते. मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणीची मागणी करता येते. हद्दीचा वाद कायम राहिल्यास संहितेच्या कलम १३६ नुसार तो जिल्हाधिकाऱ्यांनी भूमि अभिलेखांचा विचार करून निर्णीत करावयाचा असतो. मालकी हक्काचा प्रश्न असेल, तर दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो.

तिसरे कारण अतिक्रमण. ही पट्टी शेजाऱ्याची किंवा गावच्या बोळाची असेल, तर विक्रेत्याला ती विकताच येत नाही. कितीही वर्षांची भिंत त्यावर उभी असली, तरी खरेदीखत १०२ चौरस मीटरचेच व्हावे आणि किंमतही त्या प्रमाणात ठरावी. हा कागदातील दोष नसून व्यवहाराचा विषय आहे.

नोंदणीनंतर चूक आढळल्यास

उभयपक्षी चुकीमुळे खरेदीखतात गट क्रमांक, दिशा किंवा माप चुकले असल्यास दोन्ही पक्षांनी चूकदुरुस्ती लेख करून त्याची नोंदणी करावी. विक्रेता तयार नसेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाकडून लेख दुरुस्त करून मागता येतो. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली जादा जमीन पदरात पाडून घेता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र खरेदीखत व त्यावरील मुद्रांक शुल्क आवश्यक असते.

अशी चूक किती दूर नेते याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निर्णयात आहे. बिहारमधील एका लिलावाच्या विक्रीच्या दाखल्यात भूखंड क्रमांक १०६० ऐवजी १६० असा लिहिला गेला होता. चतुःसीमा, क्षेत्र आदी अन्य वर्णनावरून मिळकत निश्चित होत असल्याने हा केवळ वर्णनदोष आहे, असे न्यायालयाने ठरविले. खरेदीदाराचे हित राखले गेले. परंतु एका शून्यासाठी प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लेखात चतुःसीमा काळजीपूर्वक का लिहाव्यात, याचे उत्तर यात मिळते.

विक्रेत्याने मिळकतीतील महत्त्वाचे दोष सांगितले पाहिजेत, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ म्हणते. परंतु हे बंधन, खरेदीदाराला साधारण सावधगिरीने कळू शकणार नाहीत अशा दोषांपुरते आहे. मोजणी करून सहज कळला असता असा दोष नंतर विक्रेत्यावर टाकणे अवघड जाते. मोजणीची फी वाचविण्यात काटकसर नाही, ती याच कारणाने.

पंचायतीचे कर्तव्य

ज्या गावठाणांचे पूर्वी भूमापन झालेले नव्हते, तेथील घरांचे नकाशे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनच्या साहाय्याने तयार करण्यात येऊ लागले. ड्रोन वरून छायाचित्र घेतो. हद्द कोणती, हे त्याला गावकऱ्यांनीच दाखवावे लागते. त्यासाठी आधी चुन्याच्या रेषा आखल्या जातात. ही रेषा आखताना दोन्ही शेजारी हजर असतील, परगावी राहणाऱ्या सहहिस्सेदाराला निरोप पोचेल आणि चौकशीच्या वेळी हरकती मांडल्या जातील, एवढी दक्षता सदस्यांनी घेतली पाहिजे. विधवा व वृद्ध धारकांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते, कारण त्यांची रेषा अनेकदा दुसराच कोणीतरी दाखवितो. चुकीची आखलेली रेषा पुढे नकाशात जाते, नकाशातून पत्रिकेत आणि पत्रिकेतून खरेदीखतात. तेथवर पोचलेली चूक काढण्यास अर्ज, नोटिसा आणि तारखा लागतात. चुन्याची रेषा मात्र त्याच दिवशी पायाने पुसून पुन्हा आखता येते.