फवारणी यंत्राच्या इंजिनातील ठोके

पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरचे पेट्रोल इंजिन खणखणू लागले, की बहुधा पेट्रोलला दोष दिला जातो. रॉकेलच्या भेसळीने ऑक्टेन अंक घटतो, हे खरेच. ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण दाब व उष्णतेने आपोआप पेटते. त्या धक्क्याचा हा आवाज. तथापि, टू-स्ट्रोक इंजिनात ‘जास्त ऑइल बरे’ ही समजूत अधिक घातक होय. जादा ऑइलमुळे काजळी साचून उष्णता कोंडते. शिवाय त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण विरळ होते. तापलेल्या इंजिनाचा वेग घटला, की हवेचा झोत मंदावतो, थेंब जाड होतात आणि पानांखालचे तुडतुडे वाचतात. (मग कीटकनाशकाला नावे ठेवली जातात!) ऑइलचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच ठेवावे, काजळी खरवडावी, सिलिंडरवरील पट्ट्यांतील धूळ काढावी. ठोके ऐकू येताच इंजिन थांबवावे.