तेल थेंबभर, पुसणं मनापासून

अगं, एनसीसीच्या कॅम्पात लागलेला तुझा नेमबाजीचा नाद आता चांगलाच मुरलाय, याचा मला फार आनंद आहे. मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाल्यापासून तुझी रेंजची ये-जा सोपी झाली आणि आईच्या जिवाचा घोरही जरा कमी झाला. आता थोडं बसून बोलू या. तू विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर द्यायचंय, आणि न विचारलेल्या एका गोष्टीबद्दलही सांगायचंय.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पूर्ण बघितला. अमेरिकेतला एक गृहस्थ घरच्या टेबलावर हाताने चालवायचा प्रेस बसवून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतो, मग प्रेसचा दांडा पुसतो, सांध्यांना ग्रीस लावतो. ‘ताई, असं यंत्र आपल्याला घेता येईल का?’ असं तू विचारलंस. नाही गं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. दुसरं असं की, तू क्लबात वापरतेस त्या .२२ रायफलीच्या काडतुसाची पुंगळी घरच्या प्रेसवर पुन्हा भरण्यासारखी नसतेच. तिची ठिणगीची दारू बुडाच्या पातळ कडेत असते. फायरिंग पिनने ती कड एकदा चेपली की पुंगळीचं काम संपलं. काडतुसांची यंत्रं आपल्याकडे चालतात ती पुण्याजवळ खडकीला, १८६९ सालापासूनच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, किंवा भुसावळजवळ वरणगावला, अशा कारखान्यांत. ते काम त्यांचंच राहू दे.

पण त्या माणसाचा हात कसा चालतो ते मात्र नीट बघ. तेलाची बाटली उघडण्याआधी तो फडक्याने सगळं कोरडं पुसून घेतो. जुन्या पुंगळीतून निघालेली राख आणि कचकच प्रेसच्या दांड्यावर पडते. त्यावरच ग्रीस चोपडलं तर दोन्ही मिळून पॉलिश पेपरसारखं लोखंड घासत बसतात. आधी मळ काढायचा, मग तेल, आणि तेही जेमतेम. रायफलीचंही अगदी हेच आहे.

तर आता क्लबच्या .२२ रायफलीबद्दल. सफाईला बसण्याआधी बोल्ट उघड, चेंबर डोळ्याने बघ आणि अंधूक असेल तर करंगळीने चाचपूनही बघ. ‘मी आत्ताच रिकामी केलीय’ असं कुणीही म्हणो, आपण पुन्हा बघायचंच. काडतुसांचा डबा त्या टेबलावर नकोच.

बोल्ट काढला की गज नेहमी मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घालायचा आणि चिंधी पुढच्या तोंडातून बाहेर काढायची. तोंडाशी चिंधी सोडवून गज हलक्या हाताने मागे घ्यायचा. गोळी बाहेर पडताना नळीच्या तोंडाच्या कडेला शेवटची शिवते. तिथे एका बाजूला बारीकसा जरी ओरखडा गेला तरी मागून येणारा वायू एका अंगाने सुटतो आणि गोळी किंचित ढकलली जाते. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, तेव्हा हे ‘किंचित’ फार महागात पडतं. म्हणून गज पितळेचा किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्यावा. त्याच्यावरही कचकच चिकटते, तोही दर वेळी पुसायचा.

सुरुवातीलाच ब्रश मारू नकोस. .२२ च्या नळीत शिसं आणि मेण असतं, जळलेल्या दारूची काजळी असते, आणि बऱ्याच काडतुसांच्या ठिणगीच्या दारूत काचेची भुकटीही असते. आधी द्रावणाने ओली केलेली चिंधी फिरवून ही कचकच बाहेर काढ, पाच-दहा मिनिटं थांब, मग कोरड्या चिंध्या. पहिली काळीकुट्ट निघेल, दुसरी राखाडी, पुढची फिकट. चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं धरतं, तिथे मात्र ब्रश लागतो. चिंधी आईच्या जुन्या सुती साडीची उत्तम, पण तंतू सुटणारी नको.

आणि रोज रोज घासत बसू नकोस. शिशाच्या गोळीने नळी फारशी झिजत नाही, निष्काळजी सफाईने मात्र नक्की खराब होते. किती गोळ्यांनंतर साफ करायची ते तुझ्या प्रशिक्षकांना विचारून वहीत लिही. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री पूर्ण सफाई करायची नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२ रायफलीवर, पन्नास मीटरच्या तीन पोझिशनमध्ये. या पातळीवर पॉइंटच्या दशांशासाठी झुंज असते. रायफल काल जशी वागली तशीच आज वागणार, हा भरवसा खेळाडूला हवाच.

आता तेल. बोल्टच्या घासणाऱ्या जागांवर एक थेंब बोटाने पसरायचा आणि जास्तीचं पुसून टाकायचं. बाहेरच्या लोखंडावर तेलाचं फडकं फिरवलं की झालं. चापाच्या यंत्रणेत तेल सोडायचं नाही. तिथे ते धूळ धरतं, आणि अभनपूरला मुरमाची धूळ आणि राइस मिलचा कोंडा हवेत असतोच. नेम धरण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी काढायला विसरू नकोस. नळीत तेल साचलेलं असताना गोळी झाडायची नसते. घरातलं खोबरेल वापरू नकोस, थंडीत ते थिजतं. जवसाचं तेल तर सुकून चिकट थर धरतं. बंदुकीचं तेल नाहीच मिळालं तर बोल्टला शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल.

तुझी स्वतःची एअर रायफल मात्र या नियमांना अपवाद आहे, हे पक्कं ध्यानात ठेव. तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. इतक्या दाबाखाली साध्या तेलाची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून व्हॉल्व्हला, सिलिंडरच्या आट्यांना किंवा नळीत कुठलंही घरगुती तेल सोडायचं नाही. नळीतून नमद्याचे सफाईचे छर्रे सोडायचे, आणि रबरी ओ-रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस नखभर लावायचं. सिलिंडरवर मुदत छापलेली असते, ती आजच बघ. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे चामडंसुद्धा बुरसतं, तिथे लोखंडाची काय कथा! घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंज होऊन उमटतात. घरी आल्यावर रायफल केसमधून काढून पुसायची, फोम वाळू द्यायचा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आलीस की केस लगेच उघडू नकोस, लोखंडावर दव धरतं. थोडा वेळ तशीच राहू दे.

आणि आता तू न विचारलेली गोष्ट. अगं, या खेळात शिसं आहे. छर्ऱ्यात आहे, गोळीत आहे, आणि .२२ च्या बहुतेक काडतुसांच्या ठिणगीच्या दारूतही आहे. ते बोटांना लागतं, धुरातून श्वासात जातं, चिंधीवर उतरतं. रक्तात शिशाचं प्रमाण इतकं असेल तर धोका नाही, अशी कोणतीही सुरक्षित पातळी ठाऊक नसल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि पुढे गरोदरपणात ते हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडच्या किती मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं ते तू जाणतेसच.

घाबरून खेळ सोडायचा नाही, शिस्त लावायची. सफाई जेवणाच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघरात करायची नाही. अंगणात किंवा खिडकीपाशी, जुना पेपर अंथरून करायची. वापरलेल्या चिंध्या पिशवीत बांधून टाकून द्यायच्या, पुन्हा धुवायच्या नाहीत. छर्रे ओठांत धरून ठेवायची काही मुलांना सवय असते, तू चुकूनही करू नकोस. साबणाने हात आणि तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. रेंजचे कपडे वेगळे धुवायचे. दादाचं रांगतं बाळ तुझ्या मांडीवर येतं, त्याआधी कपडे बदलायचे. पोट भरलेलं ठेव, हिमोग्लोबिन तपासून घे, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणीही करून घे.

शेवटचं एक. ‘आण इकडे, मी साफ करून देतो’ असं म्हणणारे काका आणि दादा तुला भेटतील. प्रेमानेच म्हणतात ते. पण तू स्वतःच बस. नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली, आणि २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही कोल्हापूरचीच. या बायका कोणावर अवलंबून पुढे गेल्या नाहीत. बोल्ट कुठे अडतो, कुठला स्क्रू सैल आहे, कालपेक्षा चिंधी जास्त काळी का निघाली, हे ज्या हाताला कळतं तो चापावर डगमगत नाही. या रविवारी क्लबच्या रायफली सांभाळणाऱ्या आर्मररदादांजवळ उभी राहा, एकदा त्यांचं बघ, मग त्यांच्यासमोर स्वतः कर. अडलं तर मला रात्री फोन कर, मी जागीच असते.