ऑनलाईन सेवा : फुकट कोणत्या, विकत कोणत्या?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणे आटोपली की कोणीतरी फोन पुढे करून विचारतेच, "तू कॉम्प्युटरवाला ना? हे ॲप घेऊ का? महिन्याला पाचच पौंड आहेत." महिन्याचे पाच म्हणजे वर्षाचे साठ, आणि अशी सहा ॲप घरात असली की तीनशे साठ! उलट, जिथे खरोखर पैसे मोजायला हवेत तिथे आपण हात आखडता घेतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांना साताऱ्यात एका रात्री अचानक इस्पितळात न्यावे लागले. अनामत रक्कम लगेच भरायची होती. भारतातल्या बँकेत माझे खाते होते, त्यात पैसेही होते. पण बँकेचा ओटीपी जायचा माझ्या जुन्या भारतीय नंबरावर, आणि रिचार्ज न केल्यामुळे तो नंबर केव्हाच बंद पडला होता. शेवटी चुलतभावाने पैसे भरले. वडील बरे झाले, पण थोडक्या रुपयांची ती बचत मला चांगलीच महागात पडली.

तेव्हापासून कोणत्याही सेवेला मी दोन प्रश्न विचारतो. पहिला : हेच दुसरीकडे फुकट मिळते का? दुसरा : ही सेवा नसली तर अडचणीच्या दिवशी काय अडेल? या कसोटीवर उतरलेल्या काही गोष्टी खाली देत आहे.

१. जिथे पैसे देण्याची गरज नाही

आरोग्य : स्कॉटलंडमध्ये 'एनएचएस इन्फॉर्म' ही वेबसाईट आणि १११ हा फोन, दोन्ही फुकट आहेत. किरकोळ दुखण्यांसाठी 'फार्मसी फर्स्ट' योजनेखाली जवळच्या औषधाच्या दुकानात अपॉइंटमेंटशिवाय सल्ला मिळतो, आणि प्रिस्क्रिप्शनची औषधे तर २०११ पासून मोफत आहेत. लंडनचे नातेवाईक ज्या 'एनएचएस ॲप'चे कौतुक करतात, ते मात्र इंग्लंडमधल्या सर्जरींसाठी आहे. आपल्या सर्जरीच्या नोंदी त्यात दिसणार नाहीत.

पेन्शन : सरकारी पेन्शन किती मिळेल हे 'गव्ह डॉट यूके'वर फुकट पाहता येते. नव्या पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची साधारणपणे किमान १० वर्षे लागतात, आणि आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांना पूर्ण पेन्शनसाठी ३५. मधली रिकामी वर्षे पैसे भरून पुरी करता येतात, पण त्याने आपली पेन्शन वाढेल का हे आधी तपासा. निवृत्तीनंतर भारतात परतण्याचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवा की भारतात राहणाऱ्यांची ही पेन्शन दरवर्षी वाढत नाही, आहे तिथेच गोठते.

क्रेडिट रिपोर्ट : एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांनी मागणाऱ्याला त्याचा रिपोर्ट फुकट दिलाच पाहिजे, असा कायदा आहे. त्यासाठी महिन्याची वर्गणी नको.

पुस्तके : एडिनबराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड मोफत आहे. त्यावर 'लिबी' ॲपमधून ई-पुस्तके व ऑडिओ पुस्तके मिळतात. मुलांसाठी वेगळी वर्गणी भरण्यापूर्वी हे पाहावे.

सरकारी वेबसाईटसारख्याच दिसणाऱ्या खासगी वेबसाईटपासून मात्र सावध राहा. लायसन्सवरचा पत्ता बदलणे फुकट आहे, पण त्याचेही पैसे घेणारे असतात. पत्त्याच्या शेवटी इथल्या कामासाठी 'डॉट गव्ह डॉट यूके' आणि भारतीय व्हिसासाठी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे ना, हे पाहून मगच कार्ड काढावे.

२. जिथे पैसे जरूर द्यावेत

भारतीय सिम : ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनसह दहा देशांतले नंबर एनआरई व एनआरओ खात्यांच्या यूपीआयला जोडण्याची परवानगी मिळाली. आपली बँक ही सोय देते का, ते विचारून घ्या.

पासवर्डची तिजोरी : प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा, आणि तेवढे पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून पासवर्ड मॅनेजर घ्यावा. एकट्यापुरता फुकटचाही चालेल. पैसे द्यावेत ते कुटुंबासाठीच्या सोयीचे, म्हणजे एकावर प्रसंग ओढवला तर दुसऱ्याला किल्ली मिळावी यासाठी. आपल्याकडे बहुतेक घरांत बँक, गॅस, कर हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस इस्पितळात गेला तर घरच्यांनी काय करायचे?

फोटोंची प्रत : गुगल १५ जीबी व ॲपल ५ जीबी जागा फुकट देते. ती भरली की नव्या फोटोंची प्रत ठेवणे थांबते, आणि हे पुष्कळांना फोन हरवल्यावरच कळते. जास्तीच्या जागेचे पैसे द्यावेत. शिवाय फोनवर खोडलेला फोटो तिकडूनही खोडला जाऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा हार्ड डिस्कवर प्रत काढून ठेवावी.

सातबारा : गावी जमीन असणाऱ्यांनी महाराष्ट्र शासनाच्या वेबसाईटवरून सातबारा अधूनमधून पाहत जावा. नुसता पाहण्याचा उतारा फुकट आहे, पण तो फक्त माहितीपुरता. कचेरीत चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. आपल्या नकळत एखादी नोंद बदलली आहे का, हे कळण्यासाठी १५ रुपये काहीच नाहीत.

३. घरी पैसे पाठवताना

"फी शून्य" या पाटीवर जाऊ नका, कारण नफा बहुधा विनिमय दरात असतो. आज शंभर पौंड पाठवले तर घरच्यांच्या हातात नेमके किती रुपये पडतील, एवढा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा.

याहून महत्त्वाचे असे की, ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीने पाठवून घेतलेले पैसे बँकेने भरून देण्याचा जो नियम आला, तो ब्रिटनमधल्या खात्यांपुरता आहे. परदेशी पाठवलेल्या पैशांना तो लागू नाही. तेव्हा "मी अडचणीत आहे, नंबर बदलला आहे" असा निरोप आला तर आधी जुन्या नंबरावर फोन करून आवाज ऐका. स्वतःच्या बँकेशी बोलायचे असल्यास १५९ लावा. स्कॉटलंडमध्ये तक्रार पोलिसांकडे, १०१ वर करायची.

एका रविवारचा गृहपाठ

बँकेच्या स्टेटमेंटमधून दर महिन्याला जाणाऱ्या सगळ्या वर्गण्या कागदावर उतरवा. तीन महिन्यांत न वापरलेली वर्गणी बंद करा. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम कंपनी थांबवत नसेल तर बँकेला सांगून थांबवण्याचा तुम्हाला हक्क आहे. वाचलेल्या पैशांतून भारतीय सिम आणि पासवर्डची तिजोरी सहज निघेल.

आणि शेवटचे, ही यादी नवरा-बायकोने एकत्र बसून करावी. घरातल्या किमान दोघांना सगळे ठाऊक असणे, हीच यातली सर्वांत मोलाची सेवा आहे, आणि तिला एक पेनीही लागत नाही.

— मंडळाचा एक सभासद, एडिनबरा