कांदळवन राखायचे कोणी?

खाडीकाठच्या मंडळींना तिवर, चिपी आणि कांदळ ही झाडे ठाऊक आहेत. भरतीला त्यांच्या बुंध्याशी खारे पाणी चढते. ओहोटीला चिखल उघडा पडतो. या झाडांच्या रानाला कांदळवन म्हणतात.

तिवर आणि चिपी यांची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. चिखलात हवा फार थोडी. म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. त्यांच्या आसऱ्याने कोलंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात. कांदळवन तोडलं, की जाळ्यात मासळी कमी येते. काठाची माती धुपते. लाटांचा मारा थेट बांधावर बसतो. बांध फुटला, की भातशेतात खारे पाणी शिरते.

मग हे रान राखायचे कोणी? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तोडीला बंदी केली. राज्य सरकारने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला. पण खाडी लांबच लांब आणि रखवालदार थोडे. शिवाय चुलीला लाकूड नाही, त्या घराला नुसते ‘तोडू नका’ सांगून कसे भागेल? पोटाचा प्रश्न खरा आहे.

म्हणून २०१७ साली सरकारने नवी योजना काढली. गावाने समिती करायची आणि रान राखायचे. त्याबरोबर खेकडे, कालवे, जिताडा पाळायला गावाला मदत मिळायची. त्याच साली वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. झाडे उभी, तर कमाई उभी!

मात्र नुसत्या कागदावरच्या समितीने काही होत नाही. चिखलात उतरून कालवे काढते ती बाई आणि रोज जाळे टाकतो तो भाऊ, यांना सभेत बसवले पाहिजे. कोणत्या जागी मासळी वाढते, कोठे भराव पडतो, हे त्यांना आधी कळते. त्यांना न विचारता केलेला नियम टिकत नाही, असे आम्हांस वाटते. रान सरकारचे म्हटले, तर ते कोणाचेच राहत नाही. आपले म्हटले, की शंभर डोळे राखण करतात.

विचार करा व बोला :
१. कांदळवन तोडल्याने शेतीचे काय नुकसान होते?
२. आपल्या गावच्या समितीत कोण कोण असावे?