किल्ली गाडीची, कान माझा

उन्हाळ्यात पहाटे प्रीतिसंगमावर पोहायला जाणं हा माझा जुना शिरस्ता. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात, त्या पाण्यात उतरलं की उकाडा विसरायला होतो. वर आलो की कानाला दडा बसलेला असायचा. मग मी गाडीची किल्ली कानात घालून हलकेच फिरवायचो. काय सुख वाटायचं, सांगता येत नाही.

पुढं पुढं पाणी नसतानाही किल्ली कानात जायला लागली. खाज सुटली म्हणून कोरायचं आणि कोरलं म्हणून पुन्हा खाज. औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचेच थेंब आणले आणि आठवडाभर घातले. खाज वाढली आणि एका रात्री कान ठणकायला लागला. आईनं लसूण घालून तेल कडवलं आणि कोमट करून कानात सोडलं. सकाळी पाळीला हात लावू देईना, भाकरीचा घास चावता येईना आणि त्या बाजूनं ऐकूही येईना.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी विचारलं, "कशानं कोरता?" मी मुकाट्यानं किल्ली दाखवली.

त्यांनी कानातून जे काढलं, ते भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखं होतं, वर काळे ठिपके. "बुरशी आहे," ते म्हणाले. "किल्लीनं कातडी सोलली, जंतूंवरच्या थेंबांनी बुरशीला रान मोकळं झालं, वर तुम्ही तेल घातलंत." दोनदा कान साफ करून घ्यावा लागला, पंधरा दिवस बुरशीचं औषध घातलं आणि पोहणं बंद.

तिथं कळलं ते असं. कानाचं भोक ते पडदा ही वाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिथली कातडी पडद्याकडून बाहेर हळूहळू सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणते. हा मळ कातडीला ओलाव्यापासून आणि जंतूंपासून राखतो. आपण कापसाची काडी, हेअरपिन नाहीतर काडेपेटीतली काडी घालतो, तेव्हा तोच मळ आत ठासतो.

म्हणून सांगतो. कानात पाणी गेलं तर मान त्या बाजूला कलती करा, पाळी मागं-वर ओढा आणि बाहेरून रुमालानं टिपा. कान दुखरा असेल तर अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस भोकाच्या तोंडाशी ठेवा, आत कोंबू नका. मळ घट्ट झाला तर डॉक्टरांना दाखवा. पडद्याला भोक असेल तर घरचं पाणी-औषध महागात पडतं. भोकापुढचा उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की कळ येत असेल, तर दुखणं बहुधा बाहेरच्या कानाचं असतं. तेव्हा जुनी बाटली शोधू नका.

पोरांनी कानात हरभरा, शेंगदाणा घातला तर पाणी ओतू नका, तो फुगून बसतो. घड्याळातला चपटा सेल असेल तर क्षणभरही थांबू नका, तो काही तासांत आतली कातडी जाळतो. पाळीच्या वरच्या कडक भागाला टोचून घेतलं आणि तो लाल होऊन सुजला, तर उशीर करू नका. आतली कूर्चा सडली तर कानाचा आकारच जातो. मधुमेह असलेल्यांनी तर रात्रीचा ठणका अंगावर काढूच नये. त्यांच्यात हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोचू शकतो.

आईला हे सारं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेल कशाला उपयोगी?" डॉक्टरांनी त्याचंही उत्तर दिलं होतं: पडदा शाबूत असेल आणि कानात जिवंत किडा शिरला असेल, तर तो मारायला चार थेंब.

पोहणं पुन्हा सुरू झालंय. घाटावर आता चालत जातो. किल्ली घरी खुंटीला असते.